भिंती विकत घेताना

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, अशी आपल्याकडील जुनी म्हण आहे. ती ज्याने प्रथम उच्चारली असेल त्याच्या कल्पनेत घर बांधावयाचे असे. ते तयार मिळते आणि दहा-बारा वर्षांनी पुन्हा विकावयाचे असते, ही गोष्ट त्याच्या स्वप्नातही आली नसावी. वाडा वडिलांकडून मुलाकडे जाई. भाऊ विभक्त झाले तर मध्ये एक भिंत उभी राही. घर विकण्याचा प्रसंग ओढवला तर तो चारचौघांत बोलून दाखविण्यासही माणसे संकोचत. आज तोच प्रसंग नित्याचा झाला आहे. मुलगा नोकरीस लागून दोन वर्षे होतात न होतात तोच कर्जाच्या हप्त्याचा हिशेब मांडू लागतो. आणि इकडे वडील, गुडघे दुखू लागल्यामुळे, जिन्याचे जुने घर विकून उद्‌वाहकाच्या इमारतीत जावे की काय याचा विचार करीत असतात. या स्थित्यंतराबद्दल शोक करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु जी विद्या आपल्या आजोबांस कधी लागली नाही ती आपणांस शिकणे प्राप्त झाले आहे, आणि ती शिकविण्याचे काम सध्या बव्हंशी दलालांकडे व जाहिरातींकडे आहे. जाहिरातीत पोहण्याचा तलाव असतो, बाग असते, हसतमुख कुटुंब असते. सातबारा मात्र नसतो.

ही विद्या शिकावयाची तर पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्याइतके योग्य स्थळ महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. येथील जवळजवळ प्रत्येक इमारतीखाली एके काळचे शेत आहे, आणि ते शेत कोणाच्या हातून, कोणत्या कागदाने, कोणाच्या हाती गेले यावर वरच्या घराची किंमत अवलंबून आहे. भिंतींचा रंग नंतर पाहावा. प्रथम हे पाहावे.

पवनेच्या काठचे चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि चापेकर बंधूंच्या जन्मामुळे सर्वांस ठाऊक असलेले गाव. चाकण हे कांद्याच्या बाजाराचे आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाशी झुंजविलेल्या संग्रामदुर्गाचे. १९५४ साली पिंपरीस पेनिसिलिनच्या सरकारी कारखान्याची, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची, स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पाठोपाठ बजाज, टेल्को आदी कारखाने आकुर्डी-पिंपरीच्या माळावर उभे राहिले. १९७० साली येथे नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. १९९१ च्या खानेसुमारीत या शहराची वस्ती पाच लाखांच्या किंचित वर होती. २००१ मध्ये ती दहा लाखांवर गेली आणि २०११ मध्ये सतरा लाखांच्या पुढे. चाकणला १९९९ साली बजाज कंपनी गेली. २००९ च्या सुमारास मर्सिडीज व फोक्सवॅगन आणि पुढील वर्षी महिंद्र. इतक्या माणसांना वीस-पंचवीस वर्षांत डोक्यावर छप्पर हवे झाले म्हणजे ते सर्वच छप्पर सरळ मार्गाने येत नाही, हे सांगावयास नको.

सरळ मार्ग मुळी काढलाच नव्हता असे मात्र नव्हे. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी, आकुर्डी, वाल्हेकरवाडी, रहाटणी, मोशी अशा गावांतील शेतजमीन संपादन करून, तिच्यावर आखीव पेठा पाडून, कामगारांस व मध्यमवर्गास रास्त दरात भूखंड व घरे द्यावयाची, हा त्याचा हेतू. निगडीच्या पेठांतील रुंद, झाडांनी झाकलेले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत ते त्या हेतूस नावे ठेवणार नाहीत. “आमचे घर प्राधिकरणात आहे” हे वाक्य येथे आजही थोड्या अभिमानाने उच्चारले जाते. पण अभिमानाच्या भरात एक गोष्ट विसरली जाते. हे भूखंड मालकीने दिलेले नाहीत. ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. १९८० साली झालेल्या पट्ट्याची मुदत २०७९ साली संपते. घर आपले, जमीन पट्ट्याची; म्हणून विकताना पट्टा देणाऱ्याची संमती घ्यावी लागते व हस्तांतरणाचे शुल्क भरावे लागते. त्यातच २०२१ साली प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचे काही अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आणि काही महानगरपालिकेकडे गेले. तेव्हा अशा घराचा सौदा करण्यापूर्वी मूळ पट्टा डोळ्यांखालून घालावा, त्यातील अटी (बांधकाम किती करावयाचे, वापर कोणता, पोटभाडेकरू ठेवता येतो की नाही) वाचाव्या, आणि हस्तांतरणाचा अर्ज आज कोणत्या कचेरीत द्यावयाचा हे तेथेच जाऊन विचारावे. दलालाच्या “ते होऊन जाईल” या शब्दांवर विसंबू नये. ते होते, पण कोणाच्या खर्चाने व किती महिन्यांनी, हे विसार देण्याच्या आधी ठरलेले बरे.

आता ज्यांची जमीन या योजनेसाठी गेली त्यांचे काय झाले? संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळावी ही त्या शेतकऱ्यांची मागणी, आणि तिचा निकाल दशकानुदशके रेंगाळला. हातची जमीन कागदावर सरकारची झालेली, ताबा मात्र आपल्याकडे, मोबदला तुटपुंजा, आणि दारात घर मागणाऱ्या कामगारांची रांग. पुढे काय घडले याची कल्पना करणे कठीण नाही. गुंठा-गुंठा, अर्धा-अर्धा गुंठा जमीन विकली जाऊ लागली. चाळीस गुंठ्यांचा एक एकर व एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, हा हिशेब येथील रिक्षावाल्यासही तोंडपाठ आहे. ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने मनाई केलेली असल्यामुळे सरळ खरेदीखत होणे अवघड. म्हणून मुद्रांकाच्या कागदावर नोटरीपुढे लिहून घ्यावयाचे, अथवा कुलमुखत्यारपत्र करून घ्यावयाचे, अशी रीत पडली. घेणारा खेड्यातून आलेला, घामाचा पैसा जमवून बसलेला. त्याला वकिलाकडे जाण्याची सवय नव्हती आणि ऐपतही. त्यास दोष देण्यास आमची लेखणी धजत नाही. मात्र ज्यांच्या घरांत पदवीधर आहेत, कायदा जाणणारी एखादी सून किंवा जावई आहे, अशांनी स्वस्त मिळते म्हणून तोच मार्ग धरावा, याचे आम्हांस नवल वाटते.

कुलमुखत्यारपत्राने स्थावराची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. कराची पावती व विजेचे देयक हे मालकीचे किंवा परवानगीचे पुरावे नव्हेत. महानगरपालिका अनधिकृत घरावरही कर आकारते, आणि त्यावर दंडही घेत असे. शास्तिकर म्हणून जो प्रसिद्ध झाला तो हाच. मालमत्ताकराच्या दुप्पट रक्कम दरसाल. २००८ साली तो आला, थकला, साचला, निवडणुकांमागून निवडणुकांत गाजला, आणि अखेर २०२३ साली सरकारने माफ केला. शास्ती माफ झाल्याने घर नियमित झाले अशी समजूत पुष्कळांनी करून घेतली आहे. ती खरी नाही. दंड सुटला, मूळ दोष जागच्या जागी आहे. गुंठेवारीची बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे, आणि त्याचा लाभ ज्यांना मिळाला त्यांनी ते प्रमाणपत्र जपून ठेवावे. घेणाऱ्याने प्रथम तेच मागावे.

कोणी म्हणेल, नोटरीच्या कागदाची गोष्ट निराळी. आमचे खरेदीखत तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रीतसर नोंदलेले आहे. अशांनी चिखलीची हकीकत अवश्य ध्यानात घ्यावी. इंद्रायणीच्या काठी चिखली येथे बंगल्यांसाठी भूखंड पाडून विकले गेले, आणि त्यांवर टुमदार बंगले उठले. ही जमीन नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होती. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा जेथवर पोहोचतो ती लाल. निळीच्या आत घर बांधण्यास मनाई आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ साली ही बांधकामे पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयात दाद मागूनही तो फिरला नाही. आणि १७ मे २०२५ रोजी, पावसाळा तोंडावर असताना, महानगरपालिकेने ३६ बंगले एकाच दिवशी भुईसपाट केले. खरेदीखते नोंदलेली आहेत, कर भरलेला आहे, असे मालकांपैकी अनेकांचे म्हणणे होते. ते खोटे मानण्याचे कारण नाही. आणि नेमकी तीच बाब वाचकांनी मनात ठेवावयाची आहे. दस्त नोंदणारा अधिकारी दस्त नोंदतो. विकणाऱ्याची मालकी निर्दोष आहे की नाही, जागेवर बांधता येते की नाही, याची हमी तो देत नाही व देऊ शकत नाही. मुद्रांक शुल्क पुरते भरले म्हणजे सरकारने आपला व्यवहार तपासून संमत केला, ही आपल्या सुशिक्षित वर्गाची आवडती भ्रांती आहे. जागा कोणत्या वापरासाठी राखलेली आहे याचा दाखला निराळा मिळतो, पूररेषेचा नकाशा पाटबंधारे खात्याकडे असतो, बांधकामाचा मंजूर नकाशा महानगरपालिकेत असतो. बंगला घेण्यास जे कुटुंब आयुष्याची शिल्लक मोकळी करते त्याने या तीन कचेऱ्यांसाठी तीन सकाळी मोकळ्या करू नयेत काय?

चाकणच्या बाजूस हाच प्रश्न थोड्या निराळ्या रूपात उभा आहे. तेथील बरीचशी गावे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. शेतीची जमीन अकृषिक झाली आहे की नाही, बांधकामास प्रदेश विकास प्राधिकरणाची परवानगी आहे की नुसताच ग्रामपंचायतीचा दाखला दाखविला जात आहे, हे तेथे पाहावे लागते. कारखान्यात काम करणारी कित्येक कुटुंबे चाकणला न राहता मोशी-चिखलीस घर घेतात, ते मुलांच्या शाळेसाठी व दवाखान्यासाठी. त्यांनी नाशिकच्या रस्त्यावरील गर्दीचा अनुभव एखाद्या सोमवारी सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी स्वतः घ्यावा. नकाशावरील किलोमीटर आणि त्या रस्त्यावरील किलोमीटर यांची जात एक नाही.

मोठ्या इमारतीतील सदनिका घेणारास या धास्तीतून बरीच मोकळीक आहे, हे मान्य केले पाहिजे. १९६३ सालापासून महाराष्ट्रात सदनिकांचा कायदा होता. पण त्याची जरब बेताची. २०१६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मे २०१७ पासून महारेरा हे नियामक प्राधिकरण काम करू लागले, आणि परिस्थिती खरोखर सुधारली. पाचशे चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदल्याशिवाय विकता येत नाही. नोंदणीकृत साठेखत झाल्यावाचून दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. गिऱ्हाइकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के निराळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्चावे लागतात. आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत इमारतीत मोठा दोष निघाला तर तो विकासकाने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. जिन्याचा व गच्चीचा वाटा मिसळून फुगविलेले क्षेत्रफळ सांगण्याची जुनी चलाखीही चटई क्षेत्राच्या सक्तीमुळे पुष्कळ आवरली गेली. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशे, जमिनीच्या मालकीचा अहवाल, चालू असलेले दावे, सर्व घरबसल्या पाहता येते. आपल्या घरांतील तरुण मुले भ्रमणध्वनीवर इतके काही पाहतात, तेवढ्यात हेही पाहण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे.

परंतु नियामकाच्या कक्षेत न येणारी एक वस्तू आहे, ती म्हणजे पाणी. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी देण्यास आरंभ केला, आणि ती व्यवस्था वर्षानुवर्षे चालू राहिली. पवना धरणातून बंद नळाने थेट पाणी आणण्याची योजना होती. तिला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर आंदोलकांवर गोळीबार होऊन तीन शेतकरी मृत्युमुखी पडले, आणि ते काम दीर्घ काळ स्थगित राहिले. आपल्या स्वयंपाकघरातील नळाचा कोण्या दूरच्या शेताशी असा संबंध असतो. वाकड, रावेत, मोशीकडील कित्येक नव्या इमारती उन्हाळ्यात टँकरवर जगतात, आणि त्याचा खर्च मासिक वर्गणीत येऊन बसतो. म्हणून सदनिका पाहावयास दिवाळीत जाऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत जावे, आणि विक्रीच्या कचेरीत न बसता शेजारच्या इमारतीतील गृहिणीस विचारावे. तिच्याइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाही.

आणखी एक कागद असा की ज्याची आठवण ताबा मिळाल्यावर कोणासच राहत नाही. सदनिकांचे खरेदीखत झाले तरी इमारतीखालची जमीन विकासकाने गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून द्यावयाची असते. यास अभिहस्तांतरण म्हणतात. पिंपरी-चिंचवडमधील कितीतरी जुन्या संस्थांच्या बाबतीत हे झालेलेच नाही. विकासक टाळाटाळ करीत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण मिळविण्याची सोय कायद्याने केली आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारती आता पाडून नव्याने बांधण्याच्या गोष्टी सर्वत्र चालू आहेत. त्या वेळी जमीन कोणाच्या नावे आहे हाच पहिला प्रश्न विचारला जातो, आणि संस्थेचे ज्येष्ठ सभासद एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

खर्चाचे गणित थोडक्यात सांगून टाकतो. या शहरात मुद्रांक शुल्क, स्थानिक व मेट्रोचे अधिभार धरून, सात टक्के पडते. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ३०,००० रुपयांहून अधिक नाही. साठ लाखांच्या घरास म्हणजे साडेचार लाख रुपये घराच्या किमतीवर वेगळे काढून ठेवावे लागतात. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट आहे, म्हणजे येथे साठ हजारांची. पतीचे नाव सोबत घातले की सूट गेली. साठ हजार वाचविण्यासाठी का होईना, घर गृहिणीच्या नावे होऊ लागले आहे. आमच्या पिढीच्या उपदेशांनी जे साधले नाही ते सरकारी दरपत्रकाने थोडेबहुत साधले, म्हणावयाचे.

विकणाऱ्याच्या बाजूने पाहता प्रश्न पुन्हा तोच उरतो: आपण जे विकतो आहोत ते सर्वस्वी आपले आहे काय? चिंचवड गावातील जुने घर असो की वडिलांनी कारखान्याच्या नोकरीत असताना घेतलेला प्राधिकरणातील बंगला असो, दोन्हींत भेद आहे. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेले घर ते हयात असताना त्यांचेच; मुलांनी त्याचे वाटे मनात पाडण्याची घाई करू नये. मृत्युपत्र न करता ते गेले तर पत्नी, मुलगे, मुली व हयात असल्यास त्यांची आई, ही सर्व सारख्या हिश्श्याची वारस. संस्थेच्या दप्तरात वारसदार म्हणून एका मुलाचे नाव नामनिर्देशनात लिहिलेले असते, आणि तो मुलगा स्वतःस मालक समजू लागतो. नामनिर्देशित मनुष्य हा इतर वारसांच्या वतीने सांभाळ करणारा असतो, एवढेच. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत तर मुलगी जन्मतःच मुलाइतकी हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने हा कायदा १९९४ साली केला, केंद्राने २००५ साली, आणि वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये दिला.

आपल्या एकत्र कुटुंबांत व्यवहार अडतो तो बहुधा येथेच. भाऊ सौदा ठरवितात, विसार घेतात, नव्या सदनिकेसाठी पैसे गुंतवून बसतात. आणि मग सहीसाठी बहिणीची आठवण होते. “तिला काय करावयाचे आहे, तिचे सासरी सर्व व्यवस्थित आहे,” असे म्हणून हक्कसोडपत्राचा मसुदा तिच्यापुढे ठेवला जातो. तिने तो सोडणे हा तिचा अधिकार आहे, आणि कित्येकजणी आनंदाने सोडतात. पण ज्या घराची किंमत वडिलांच्या वेळी काही हजार होती ते आज कोटीच्या घरात गेले आहे, आणि या बदलाची माहिती न देता घेतलेली सही ही सही म्हणून पुरेशी असली तरी भावंडपणाच्या हिशेबात ती कमी पडते. हक्कसोडपत्र नोंदलेलेच असावे लागते. चिठ्ठीवरील किंवा दूरध्वनीवरील संमती घेणाराचा वकील मानीत नाही. बहीण अमेरिकेत अथवा ऑस्ट्रेलियात असेल तर तिने तेथील भारतीय वकिलातीत किंवा नोटरीपुढे मुखत्यारपत्र करून पाठवावे लागते, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. टपालाचा, वकिलातीच्या वेळेचा व सुट्यांचा विचार करता यास दोन महिने सहज लागतात. घर विकावयाचे मनात येताच तिला पहिले पत्र लिहावे, दलालास नंतर बोलवावे. आणि त्या पत्रात आजच्या बाजारभावाचा आकडा लिहावयास विसरू नये.